हांकेला ओ

मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठीं परगांवीं निघाली म्हणजे घरांतील वडील माणसें हातावर दहीं घालतात आणि शेवटचा प्रश्न विचारतात तो हा, "फोन घेतलास ना? आणि चार्जर?" पूर्वीं या जागीं दुसरे प्रश्न असत. तेथें ओळखीचें कोण आहे, खाणावळ कोणाची, रात्रीं-अपरात्रीं कांहीं झालें तर कोणाचें दार ठोठवावयाचें, हें सर्व आधींच ठरलेलें असे. आत्याबाईंच्या चुलतजावेचा पत्ता लिहिलेला एक कागद ट्रंकेंत कपड्यांच्या तळाशीं जात असे. आतां तो कागद जात नाहीं. त्याच्या ऐवजीं वीतभर लांबीचें तें कांचेचें यंत्र जातें, आणि तें बरोबर आहे म्हणजे जणूं सगळें घरच बरोबर आहे, अशी आपण आपली समजूत करून घेतों.

ही समजूत कितपत खरी, हें पाहण्याची मला गरज पडली. धाकट्या भाऊजींची मुलगी अमेरिकेंतील एका विद्यापीठांत शिकत आहे, व माझी स्वतःची मुलगी पुण्यास कॉलेजच्या वसतिगृहांत राहते. या दोघींच्या फोनांवरून आमच्या सांगलीच्या घरीं जितकी वादावादी झाली, तितकी वाड्याच्या वांटणीवरूनहि झाली नव्हती. त्या वादाच्या निमित्तानें मीं कांहीं वाचलें, कांहीं विचारलें, आणि कांहीं प्रत्यक्ष पाहिलें.

अमेरिकेंतील मोठें विद्यापीठ म्हणजे आपल्याकडील एखादें तालुक्याचें गांवच समजावें. त्याला स्वतःचे रस्ते, स्वतःचा दवाखाना, आणि पुष्कळ ठिकाणीं स्वतःचें पोलीसखातेंहि असतें. गेल्या वर्षीं आम्ही उभयतां पुतणीकडे तीन आठवडे राहिलों, तेव्हां संध्याकाळीं आवारांतून फिरतांना जागोजाग उंच खांब दिसत. खांबाच्या माथ्यावर निळा दिवा, आणि हाताशीं येईल अशा उंचीवर एक मोठें बटण. तें दाबलें कीं विद्यापीठाच्या पोलिसांशीं बोलतां येतें. आणि बोलण्याची शक्ति उरली नसली, तरी कोणत्या खांबावरून हांक आली हें त्यांच्या कचेरींत आपोआप समजतें. मला ते दिवे पाहून फार बरें वाटलें. पुतणी मात्र हंसली. "काकू, हें बटण कोणीं खरेंच अडचणींत दाबलेलें मीं अजून ऐकलें नाहीं. परीक्षा संपल्यावर टवाळ मुलें दाबून पळतात, तेवढेंच. सगळ्यांपाशीं फोन असतांना खांबापर्यंत कोण धांवतो?" तिचें म्हणणें खोटें नव्हतें. देखभालीचा खर्च परवडत नाहीं म्हणून कांहीं विद्यापीठांनीं हे खांब काढूनहि टाकले आहेत. पण मला त्या खांबाचा एक गुण विसरतां येत नाहीं. आपण कोठें उभे आहोंत हें त्याला पक्कें ठाऊक असतें. खिशांतल्या फोनाला जगांतील सर्व विद्या येतात, आणि नेमकी हीच कधीं कधीं येत नाहीं.

विद्यार्थ्यांना धोक्याची सूचना देण्याचें बंधन तेथील विद्यापीठांवर कायद्यानें आहे, आणि त्या कायद्याच्या मुळाशीं एका घरावर कोसळलेलें दुःख आहे. पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील लीहाय विद्यापीठांत जीन क्लेरी ही १९ वर्षांची मुलगी ५ एप्रिल १९८६ रोजीं वसतिगृहाच्या आपल्या खोलींत मारली गेली. मारणारा त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. वसतिगृहाचीं दारें आपोआप बंद होणारीं होतीं. पण येण्याजाण्याच्या सोयीसाठीं मुलांनीं तीं अडकवून उघडीं ठेविलीं होतीं. त्या विद्यापीठांत आधींच्या तीन वर्षांत अनेक गुन्हे घडले होते, हें तिच्या आईबापांना मागाहून कळलें. त्यांनीं नेटानें चळवळ केली, आणि १९९० सालीं कायदा झाला. गुन्ह्यांचे आंकडे विद्यापीठानें दरवर्षीं जाहीर केले पाहिजेत, आणि धोका असेल तर विद्यार्थ्यांना वेळींच सावध केलें पाहिजे, असें त्यानें ठरविलें. आज तो कायदा त्या मुलीच्याच नांवानें ओळखला जातो.

असें असूनहि १६ एप्रिल २००७ रोजीं व्हर्जिनिया संस्थानांतील ब्लॅक्सबर्ग येथें जें झालें, त्याची घटकानघटकेची हकीकत चौकशी-मंडळाच्या अहवालांत आहे. ती वाचल्यावर दोन दिवस मला दुसरें कांहीं सुचलें नाहीं. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाच्या एका वसतिगृहांत सकाळीं सव्वासातच्या सुमारास दोन विद्यार्थ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. प्रकरण खासगी भांडणाचें असावें आणि मारेकरी आवाराबाहेर निघून गेला असावा, असा पोलिसांचा ग्रह झाला. विद्यापीठाचे चालक एकत्र जमले, विचारविनिमय झाला, मसुदा झाला, आणि विद्यार्थ्यांना पहिली सूचना धाडली गेली ती ९ वाजून २६ मिनिटांनीं, तीहि ई-मेलनें. तोंपर्यंत सकाळचे वर्ग सुरू होऊन गेले होते. खिशांतल्या फोनवर ई-मेल वाचण्याची सोय त्या काळीं फार थोड्या विद्यार्थ्यांपाशीं होती. आयफोन बाजारांत आला तोच मुळीं त्यानंतर दोन महिन्यांनीं. ९-४० च्या सुमारास तोच मारेकरी नॉरिस हॉल या इमारतींत शिरला, त्यानें मुख्य दारांना आंतून सांखळ्या घातल्या, आणि दहा-अकरा मिनिटांत तीस माणसें मारलीं. सकाळचे दोन धरून बत्तीस. त्यांत तमिळनाडूंतून गेलेले स्थापत्यशास्त्राचे एक प्राध्यापक होते, आणि मुंबईहून पुढील शिक्षणासाठीं गेलेली एक सव्वीस वर्षांची मुलगी होती.

दोन तास गप्प बसल्याबद्दल त्या चालकांना चौकशी-मंडळानें दोष दिला, आणि तो योग्यच दिला. पण माझें मन अडकलें तें दुसऱ्याच दोन गोष्टींत. पहिली अशी. नॉरिस हॉलमधील गोळीबाराचा फोन ९ वाजून ४१ मिनिटांनीं प्रथम पोंचला तो विद्यापीठाच्या पोलिसांकडे नव्हे, तर ब्लॅक्सबर्ग गांवच्या पोलिसांकडे. तेथें फोन घेणाऱ्याला हें ठिकाण कोणतें, हेंच आधीं उमजेना. तें विद्यापीठाच्या आवारांत आहे असें कळल्यावर फोन तिकडे वळविण्यांत आला. विद्यापीठाचे पोलीस मग तीन मिनिटांत इमारतीशीं येऊन ठेपले. एका मिनिटाचा एवढा हिशेब कशाला, असें कोणी म्हणेल. जेथें सगळा संहारच अकरा मिनिटांत आटोपला, तेथें मिनिट हें लहान माप नव्हे.

दुसरी गोष्ट त्या इमारतींतील फ्रेंच भाषेच्या वर्गांतील. एका विद्यार्थ्यानें आपल्या मोबाइलवरून मदतीसाठीं ९११ हा क्रमांक लावला होता. त्याला गोळी लागली आणि फोन हातांतून सुटला. शेजारीं पडलेल्या एका मुलीनें तो उचलला. ती स्वतःहि जखमी होती, मारेकरी खोलींत परत परत येत होता. तरी तिनें तो फोन चालू ठेविला आणि पलीकडच्या माणसाला लवकर या म्हणून विनवीत राहिली. पुतणीच्या वयाच्या मुलीनें हें केलें. यंत्राचे गुणदोष मी पुढें सांगणारच आहें. पण त्या खोलींत जें काम झालें, तें यंत्रापेक्षां त्या मुलीचें होतें.

त्या दिवसानंतर अमेरिकेंतील विद्यापीठें खडबडून जागीं झालीं. कायद्यांत २००८ सालीं भर पडली ती अशी कीं, धोका खरा आहे अशी खात्री होतांच तत्काळ सर्वांना कळविलें पाहिजे. विद्यार्थ्यांचे मोबाइल क्रमांक नोंदवून घेऊन त्यांवर संदेश धाडण्याची पद्धत तेव्हांपासून सार्वत्रिक झाली. माझ्या पुतणीला असे संदेश येतात. वादळ येत आहे, अमक्या चौकांत लूट झाली, तमक्या रस्त्यावर वायु गळला. इतके येतात कीं ती ते वाचीत नाहीं! व्हर्जिनिया टेकच्या त्याच फ्रेंचच्या वर्गांतून वांचलेल्या आणखी एका विद्यार्थिनीनें पुढें इतरांच्या साहाय्यानें 'लाइव्हसेफ' नांवाचें ॲप काढलें, आणि तशींच दुसरींहि अनेक निघालीं. त्यांत एक सोय असते ती मला फार आवडली. रात्रीं वाचनालयांतून खोलीवर जातांना आपण मैत्रिणीला कळवावयाचें. ती आपल्या फोनवर आपला ठिपका रस्त्यानें सरकतांना पाहत राहते, आणि आपण खोलीवर पोंचलों कीं तिचें काम संपतें. कीर्तनाहून परततांना आमच्या सासूबाईंबरोबर कंदील घेऊन गडी येत असे, त्याला आम्ही 'सोबत' म्हणत होतों. ही तीच सोबत. फक्त कंदील दुसऱ्याच्या घरांत.

यंत्राच्या मर्यादा आतां थोडक्यांत सांगतें, कारण त्या दुकानदार सांगत नाहीं. बॅटरी संपली कीं सगळेंच संपलें. तळघरांतील प्रयोगशाळेंत संदेश जाईलच असें नाहीं. फोन आपली जागा ओळखतो ती मुख्यतः आकाशांतील उपग्रहांवरून, आणि सिमेंटच्या छपराखालीं ते त्याला नीट सांपडत नाहींत. बरें, इमारत कळली तरी मजला कोठें कळतो? बारा मजल्यांच्या वसतिगृहांत नुसती इमारत सांगणें म्हणजे शनिवारपेठेंत राहतों एवढेंच सांगण्यासारखें आहे. अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें यासाठीं २०१९ सालीं नियम ठरविला कीं, शंभरांपैकीं ऐंशीं फोनांची उंची तीन मीटरांच्या फरकानें तरी कळली पाहिजे. तीन मीटर म्हणजे सुमारें एक मजला. उरलेल्या विसांनीं काय करावें? म्हणून तेथें ९११ लावतांच पलीकडून पहिला प्रश्न येतो तो 'काय झालें' हा नसून 'कोठें' हा असतो. 'कोठें' हें समजलें आणि फोन तुटला, तरी माणूस पाठवितां येतो.

पण हीं सगळीं यंत्राचीं दुखणीं झालीं, आणि यंत्राचीं दुखणीं आज ना उद्यां बरीं होतात. मला खरी चिंता लागली ती पुतणीनें सांगितलेल्या एका प्रसंगानें.

तिच्या पहिल्या हिंवाळ्यांतली गोष्ट. तिच्याच इमारतींत, वरच्या मजल्यावर, आपल्या बाजूचीं चार मुलें एकत्र राहत होतीं. चांगल्या घरचीं, अभ्यासू. त्यांतील एकानें एका मेजवानींत आयुष्यांत पहिल्यांदां मद्य घेतलें, आणि किती घ्यावें याचा अंदाज नसल्यामुळें अतोनात घेतलें. मित्रांनीं त्याला धरून खोलीवर आणलें तेव्हां तो बोलत होता. थोड्या वेळानें बोलेनासा झाला. अंग गार पडलें. ओकारी झाली ती झोपेंतच झाली. भोंवतीं तिघे मित्र बसलेले, तिघांच्याहि हातांत उत्तमांतले उत्तम फोन. त्या फोनांवर त्यांनीं काय केलें? दारू चढल्यास काय करावें, हें वाचलें. लिंबू द्यावें कीं मीठ-पाणी द्यावें याची चर्चा केली. मग एकानें नाशिकला आपल्या चुलतभावाला फोन लावला. तो डॉक्टर आहे, आणि इकडे तेव्हां दिवस होता. तो बिचारा तिकडून ओरडला, "अरे, मला काय विचारतां? तिथला नंबर लावा!" तरीहि त्यांनीं लावला नाहीं. अशीं चाळीस मिनिटें गेलीं.

त्यांना क्रमांक ठाऊक नव्हता असें नाहीं. तो तर तेथल्या पोरासोरांनाहि ठाऊक असतो. त्यांच्यापुढें उभें होतें तें वेगळेंच. पोलीस येतील, विद्यापीठांतून काढतील, व्हिसा जाईल. रुग्णवाहिकेचें बिल डॉलरांत किती येतें, याच्या ऐकींव कथा. आणि या सर्वांच्या वर, घरीं कळेल. मुलगा वयानें लहान, शिक्षणाचें कर्ज बापाच्या नांवावर, आजी-आजोबा घरांत. घरीं कळेल या एका वाक्यानें त्या तिघांचे हात बांधून ठेविले. शेवटीं साखर मागावयास गेलेल्या माझ्या पुतणीनें तें दृश्य पाहिलें, आणि कोणाला न विचारतां ९११ लावला. पलीकडून विचारलें, कोठें? तिला रस्ता सांगतां आला, इमारतीचा क्रमांक आठवेना. तशीच जिना उतरून दारावरची पाटी वाचून तिनें तो सांगितला. मुलगा दोन दिवस रुग्णालयांत होता. आतां खुशाल आहे.

मागाहून त्यांना समजलें कीं, अशा प्रसंगीं मदत मागणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठीं मदत मागितली त्याच्यावर मद्यपानाबद्दल शिस्तीची कारवाई करावयाची नाहीं, असा नियम त्या विद्यापीठांत होताच. प्रवेशाच्या वेळीं दिलेल्या पुस्तिकेंत तो छापलेला होता, आणि ती पुस्तिका चौघांपाशींहि होती. हा नियम तेथें कांहीं एकाच ठिकाणचा नव्हे. न्यूयॉर्क संस्थानांतील कॉर्नेल विद्यापीठानें तो २००२ सालीं घातला. मुलें पितात हें त्यांना मान्य नव्हतेंच. पण प्यालेल्या मित्राला घेऊन मुलें घाबरून बसून राहतात आणि त्यांत जीव जातो, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. नियम झाल्यावर मदतीसाठीं येणाऱ्या फोनांची संख्या वाढली, असें तेथील अभ्यासकांनीं पुढें नोंदविलें. न्यूयॉर्क संस्थानांत तर २०१५ सालच्या एका कायद्यानें, अत्याचाराची खबर देणाऱ्या विद्यार्थ्याला त्या वेळीं तो स्वतः प्यालेला होता म्हणून शिक्षा करावयाची नाहीं, असें सर्व कॉलेजांवर बंधन आहे. इंग्रजींत त्याला कांहीं लांबलचक नांव आहे. आपल्या भाषेंत त्याला 'अभय' म्हणावें. राजाच्या दरबारांत फिर्यादी प्रथम अभय मागून घेत असे, आणि मग तोंड उघडीत असे.

आतां आपल्याकडे वळूं. आपल्याकडे सोयी नाहींत असें नाहीं. पोलीस, अग्निशामक दल आणि रुग्णवाहिका या सर्वांसाठीं ११२ हा एकच क्रमांक आज देशभर आहे. महाराष्ट्रांत रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा क्रमांक २०१४ पासून चालतो. महाविद्यालयांतील छळवादाविरुद्ध तक्रार करण्यासाठीं विद्यापीठ अनुदान आयोगाचा वेगळा क्रमांक आहे. १ जानेवारी २०१७ पासून विकावयाच्या प्रत्येक मोबाइलमध्यें संकटसूचक बटणाची सोय असावी, असा नियम सरकारनें २०१६ सालीं केला. साध्या फोनांत ५ किंवा ९ चें बटण दाबून धरावयाचें, आणि स्मार्टफोनांत चालू-बंद करण्याचें बटण लागोपाठ तीनदां दाबावयाचें, अशी ती योजना. फोनागणिक रीत थोडी बदलते, म्हणून प्रत्येकानें आपल्या फोनांत ती पाहून ठेवावी. एका रविवारीं जेवतांना मीं पंक्तींत विचारलें. आम्ही त्या दिवशीं अकरा माणसें होतों. ही सोय ठाऊक होती एकाला. तो माझा सातवींतला पुतण्या.

यंत्रावर सगळा भार टाकण्याची आपली हौसहि मोठी आहे. ९ ऑगस्ट २०२४ रोजीं कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयांत, रात्रपाळीवर असतांना घटकाभर विश्रांतीसाठीं सभागृहांत गेलेल्या एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. त्याच महिन्यांत तेथील सरकारनें रात्रीं काम करणाऱ्या स्त्रियांसाठीं धोक्याची घंटा असलेलें ॲप करण्याचें जाहीर केलें. ॲप असावें, त्याला कोण नको म्हणतो? पण छत्तीस-छत्तीस तास काम करणाऱ्या मुलीला पाठ टेकण्यासाठीं आंतून कडी लागणारी खोली आधीं असावी, हें सांगावयास संगणकशास्त्र शिकावें लागत नाहीं.

राहिलें आमचें घरगुती भांडण. धाकट्या भाऊजींचें म्हणणें असें होतें कीं, दोन्ही मुलींनीं आपला ठिपका अहोरात्र घरच्या सगळ्यांना दिसेल असा उघडा ठेवावा. "आम्ही पैसे भरतों, काळजी करतों; आम्हांला कळायला नको, मुलगी कुठं आहे?" प्रेमळ माणसाचें हें बोलणें, त्यांत गैर वाटण्यासारखें वरवर कांहीं दिसत नाहीं. माझ्या जावेचेंहि तेंच मत. पुतणी सातासमुद्रांपलीकडे, म्हणून तिनें कुरकुर न करतां मान्य केलें. माझी मुलगी मात्र रुसून बसली. मीं तिला एकांतांत विचारलें तेव्हां तिनें आपल्या वसतिगृहांतील एका मुलीची युक्ति सांगितली. त्या मुलीचे वडील दिवसांतून दहा वेळां ठिपका पाहतात. वसतिगृहापासून तो जरा दूर दिसला कीं फोन करून जाब विचारतात. म्हणून ती मुलगी मैत्रिणींबरोबर नाटकाला निघाली, कीं फोन उशीखालीं ठेवून जाते. ठिपका बिचारा खोलींत झोंपलेला असतो. रात्रीं साडेअकराला ती लक्ष्मीरोडवरून चालत येते तेव्हां तिच्यापाशीं ना फोन, ना ११२, ना तें तीनदां दाबावयाचें बटण. आणि तिकडे वडील ठिपका पाहून निश्चिंतपणें दिवा मालवतात.

मीं ही हकीकत सर्वांसमोर सांगितली. भाऊजी बराच वेळ बोलले नाहींत. सासूबाई माळ ओढीत होत्या, त्या म्हणाल्या, "आमचे नाना फार कडक होते. पण मी विलिंग्डनहून उशिरां आलें, तर आधीं पाय धुवायला पाणी काढून देत. जेवण होईपर्यंत एक शब्द विचारीत नसत. मग मात्र सोडीत नसत हो!" त्या वयाच्या पंचायशीव्या वर्षांत आहेत. ॲप म्हणजे काय तें त्यांना नीट ठाऊक नाहीं. पण अभय म्हणजे काय, तें त्यांना कॉर्नेलच्या आधीं चाळीस-पंचेचाळीस वर्षें ठाऊक होतें.

त्या रात्रीं ठरलें तें असें. ठिपका मुलींनीं स्वतःच्या हातानें उघडावा, रात्रीं बाहेर असतां किंवा वाटेल तेव्हां. आणि तो पाहण्याचा अधिकार चौघांनाच असावा, अकरांना नव्हे. संकटांत पहिला फोन ११२ किंवा १०८ ला, मग वसतिगृहाच्या बाईंना, आणि तिसरा घरीं; सांगलीहून पुण्यास पोंचावयास चार तास लागतात, हें काळजीच्या भरांत आपण विसरतों. बोलतांना प्रथम जागा सांगावयाची. इमारत, मजला, खोली. आणि ज्या रात्रीं असा फोन येईल, त्या रात्रीं कोणीं कां, कोणाबरोबर, कशाला गेली होतीस, असा एकहि प्रश्न विचारावयाचा नाहीं. हें शेवटचें कलम भाऊजींनीं हंसत हंसत, पण मान्य केलें. माझ्या मते सगळ्या ठरावांत महाग तेंच आहे, कारण बाकीचीं यंत्रानें पाळावयाचीं व हें आपण.

त्यानंतर पांच महिन्यांनीं, रात्रीं पावणेबाराला, मुलीचा फोन आला. तिच्या खोलीसोबतिणीला दम्याचा जोराचा झटका आला होता. दोघी त्या वेळीं वसतिगृहांत नव्हत्या, कोठें होत्या तें तिनें आपण होऊन सांगितलें नाहीं. १०८ ची गाडी आधींच येऊन गेली होती व ती रुग्णालयाच्या ओसरीवरून बोलत होती. फोन भाऊजींनीं घेतला. मी जवळच उभी होतें. त्यांनीं एवढेंच विचारलें, "कोणत्या रुग्णालयांत? तुला कांहीं हवं का? मामाला पाठवूं?" ती म्हणाली, आतां नको, श्वास लागला आहे, पण सकाळीं मामानें दोघींचा डबा आणला तर बरें होईल. माझा भाऊ कोथरुडास राहतो; तो सात वाजतां डबा घेऊन गेला.

त्या दोघी कोठें गेल्या होत्या, हें भाऊजींनीं दुसऱ्या दिवशीं दुपारीं विचारलें. तेंहि तिचें जेवण झालें आहे, याची खात्री करून घेतल्यावर.